मदत हवी आहे : थोडे थांबल्यानंतरचा पहिलाच छर्रा दरवेळी वर का लागतो?

नमस्कार. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून माझी मुलगी सोलापुरात १० मीटर एअर रायफलचा सराव करते आहे. गेल्या वर्षी आम्ही तिच्यासाठी वापरलेली पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घेतली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मोजून दहा मीटर अंतर बसते, तिथेच तिचा रोजचा सराव चालतो.

अडचण अशी की दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात केली, की पहिला छर्रा सुमारे दोन मिलिमीटर वर लागतो आणि पुढचे पाचही एकाच भोकात जातात. दशांश गुणांच्या मोजणीत हा जवळपास पाऊण गुणाचा तोटा आहे. तिचे लक्ष विचलित होते, असे तिला सतत ऐकवले जाते. म्हणून मी स्वतः रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून चार वेळा हाच प्रयोग केला, छर्ऱ्यांचा डबाही बदलून पाहिला, तरी चारही कार्डांवर वर एक सुटे भोक आणि खाली पाकळ्या फुटलेले एक मोठे भोक असेच चित्र उमटले. शिवाय सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा पहाटे १८० बारवर असतो, तो दुपारी १८९ वर जातो. सिलिंडर बदलावा का?

उत्तर :

ताई, काट्याची काळजी करू नका. बंद सिलिंडरमधली हवा तापली की दाब वाढतोच. २७ अंशांना १८० बार असेल, तर ४२ अंशांना तो १८९ होतो आणि मे महिन्यात पत्र्याखाली तेवढी उष्णता सहज असते. मात्र याच उष्णतेमुळे बारीक गळती झाकली जाते, म्हणून नोंद नेहमी पहाटेच घ्यावी. सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीखही पाहा. बऱ्याच उत्पादकांनी दहा वर्षांची मर्यादा घातलेली असते.

खरा संशय रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरमधली हवा कमी आणि ठरावीक दाबाने पुढे सोडणाऱ्या भागावर आहे. त्याची झडप जिथे टेकून बंद होते त्या बैठकीवर कचरा बसला किंवा ती झिजली, की थांबलेल्या वेळेत हवा झिरपून आतला दाब हळूहळू चढतो आणि पहिला छर्रा जास्त वेगाने सुटतो. साधारण १७२ मीटर प्रतिसेकंद वेगाचा छर्रा दहा मीटरमध्ये साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वेग सहा-सात टक्के वाढला तर हे पडणे दोन मिलिमीटरने कमी होते, म्हणजे तुमच्या कार्डावरचेच अंतर. खात्रीसाठी पंधरा मिनिटे थांबून, नळी लक्ष्याकडेच ठेवून, आधी छर्रा न घालता एकदा नुसती हवा सोडा, म्हणजे चढलेला दाब निघून जाईल, आणि मग नेम धरा; आता पहिला छर्रा वर गेला नाही, तर दोष रेग्युलेटरचाच. रेग्युलेटर घरी उघडू नका आणि त्यात साधे तेल तर मुळीच घालू नका, कारण उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकते.

धागाकर्ती :

मनापासून आभार. आज पहाटे तीन वेळा तसे करून पाहिले. नुसती हवा सोडल्यानंतरचा पहिला छर्रा तिन्ही वेळा इतरांच्याच भोकात गेला. तिन्ही कार्डे तारीख घालून मुलीच्या वहीत लावली आहेत आणि रायफल सोमवारी दुरुस्तीला पाठवत आहे. सिलिंडर सहा वर्षांचा आहे, त्यामुळे तो तूर्त बदलत नाही.