मदत हवी आहे : पुनर्विक्रीचा फ्लॅट, नॉमिनी विक्रेता आणि एजंटाची टोकनसाठी घाई

नमस्कार,

आम्ही दोघे पती-पत्नी पुण्यात नोकरी करतो आणि पहिलेच घर घेण्याच्या तयारीत आहोत. कोथरूडमधील १९९२ साली बांधलेल्या एका सहकारी गृहरचना संस्थेतील टू बीएचके फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला आहे. किंमत ८५ लाख रुपये सांगितली आहे आणि हा फ्लॅट आम्हाला एका स्थानिक एजंटामार्फत पाहायला मिळाला. एजंट सौजन्याने बोलतात, वेळ पाळतात, आणि घर दाखवण्यात त्यांनी खरोखर मेहनत घेतली आहे. तरीही गेल्या काही दिवसांच्या बोलण्यातून अशा काही गोष्टी पुढे आल्या आहेत, की पैसे देण्यापूर्वी इथल्या जाणकारांचे मत घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी शंका मालकीविषयी आहे. फ्लॅट ज्या गृहस्थांच्या नावावर होता ते २०२१ मध्ये वारले. त्यांनी मुलाला नॉमिनी नेमले होते आणि संस्थेने शेअर सर्टिफिकेटवर (संस्थेच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर) मुलाचे नाव चढवले आहे. मृत्युपत्र केलेले नव्हते, असे मुलानेच सांगितले. मुलाच्या आई हयात असून त्याच्याकडेच राहतात, तर विवाहित बहीण अमेरिकेत स्थायिक आहे. बहिणीची संमती आहे का, असे आम्ही विचारले तेव्हा एजंट म्हणाले, ‘‘शेअर सर्टिफिकेटवर नाव लागलेले आहे, म्हणजे मालक तेच. आईची किंवा बहिणीची सही लागत नाही.’’ हे खरे आहे का?

दुसरी शंका टोकनची. ‘आणखी दोन पार्ट्या तयार आहेत’ असे सांगून त्यांनी रविवारपर्यंत एक लाख रुपये टोकन मागितले आहे. ही रक्कम विक्रेत्याच्या नव्हे, तर एजंटाच्या स्वतःच्या खात्यात भरायची, पावती त्यांच्या लेटरहेडवर मिळणार, आणि कागदपत्रांच्या प्रती टोकननंतर दाखवल्या जाणार, असा क्रम त्यांनी सांगितला. आमचा आग्रह नेमका उलट क्रमाचा आहे, परंतु बाजारात खरोखर अशीच पद्धत असेल तर आमच्या आग्रहामुळे चांगले घर हातचे जाईल, ही धास्तीही आहे.

तिसरी गोष्ट दलालीची. घर पाहताना आमच्यापुढे एक छापील फॉर्म सहीसाठी ठेवण्यात आला. त्यात ‘व्यवहार ठरताच किमतीच्या २ टक्के दलाली देय राहील’ असे वाक्य होते. आम्ही सही केलेली नाही. विक्रेत्याकडूनही ते दलाली घेणार आहेत, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. कागदपत्रे तपासण्यासाठी त्यांनी आपल्या परिचयाच्या वकिलांचे नाव सुचवले. जी व्यक्ती दोन्ही बाजूंकडून मोबदला घेते आणि व्यवहार झाला तरच घेते, तिने सुचवलेल्या वकिलाकडून आमच्या बाजूची तपासणी करून घेणे आम्हाला पटत नाही. यात कोणावर संशय घेण्याचा हेतू नाही, पण आमच्या हिताची काळजी वाहणारे कोणीतरी या व्यवहारात असायला हवे असे वाटते.

याशिवाय एजंटांनी क्षेत्रफळ ८५० चौरस फूट सांगितले. आम्ही मोजपट्टीने मोजले तेव्हा आतील वापरण्याजोगी जागा ६४० चौरस फुटांच्या आसपास भरली. म्हणजे दर प्रत्यक्षात चौरस फुटाला १०,००० नसून १३,००० रुपयांच्या पुढे जातो. इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार असून मोठे घर मिळेल, असेही सांगण्यात आले, मात्र त्याचा कोणताही कागद दाखवला नाही. दहा लाख रुपये रोखीने देऊन दस्त ७५ लाखांचा करावा, या सुचवणीला आम्ही ठाम नकार दिला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको.

आमचा हिशेब असा आहे : बँक ८५ लाखांच्या ८० टक्के, म्हणजे ६८ लाख रुपये कर्ज देईल असे धरले, तर १७ लाख आमचे. त्यावर पुणे महापालिका हद्दीतील ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५.९५ लाख, नोंदणी शुल्क ३०,०००, दोन टक्के दलाली १.७० लाख आणि तिच्यावर वस्तू व सेवा कर. एकंदर स्वतःचे सुमारे सव्वापंचवीस लाख रुपये लागतील. यात काही राहून गेले असल्यास कृपया सांगावे. एजंटांनी आम्हाला ‘वीस लाख हाताशी ठेवा, पुरेल’ असे सांगितले होते.

टोकन देण्याआधी आम्ही नेमके काय पाहावे, पैसे कोणाच्या नावाने द्यावेत, दलालीची अट कशी लिहून घ्यावी, आणि एजंटाकडून चुकीची माहिती मिळाल्यास महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे) दाद मागता येते का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

मालमत्तेच्या कागदपत्रांची तपासणी हे माझे कामच असल्यामुळे फक्त मालकी आणि टोकन यांविषयी लिहितो. कागद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हे अंतिम मत समजू नये.

एजंटांनी तुम्हाला दिलेले उत्तर चुकीचे आहे, आणि पहिल्यांदा घर घेणारे सर्वाधिक अडकतात ते अशाच एका वाक्यावर विश्वास ठेवून. संस्थेने नॉमिनीचे नाव लावले म्हणजे वारसांचा हक्क संपला असे होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे प्रकरण आले, त्यातील कलम १५४ब-१३ नुसार कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे, की संस्थेने नॉमिनीच्या नावे हस्तांतरण केले तरी वारसांना मालकी हक्काची दाद मागण्याचा मार्ग मोकळा राहतो. मृत्युपत्र नसेल आणि कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू होत असेल, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी हे तिघे समान वाट्याचे वारस ठरतात. मयताच्या आई त्यांच्या मृत्यूच्या वेळी हयात असतील तर त्याही. तेव्हा विक्रेत्याची आई आणि बहीण यांना वगळून केलेले खरेदीखत तुम्हाला त्या मुलाच्या वाट्यापुरतेच काही देऊ शकेल.

यावर दोन मार्ग आहेत. आई आणि बहीण यांनी मुलाच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवावे, किंवा तिघांनीही विक्रेते म्हणून साठेखतावर (विक्रीच्या आधीच्या करारावर) आणि खरेदीखतावर सह्या कराव्यात. बहिणीला येता येत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र चालते, पण ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कोणता मार्ग निवडता यावर करही बदलतो. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरासाठी खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो, तो तुमच्या हिशेबात ८५,००० रुपये होतो आणि विक्रेत्याच्या पैशांतूनच वजा होतो. परंतु बहीण अनिवासी असून विक्रेती म्हणून सही करणार असेल, तर तिच्या वाट्याला हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच जास्त असते. ती न केल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. हे टोकनपूर्वीच सनदी लेखापालाला विचारून घ्या, कारण ही बाब व्यवहाराच्या शेवटच्या टप्प्यावर कळली की विक्रेता आणि खरेदीदार दोघेही संकटात सापडतात.

टोकनबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रक्कम एजंटाच्या खात्यात देऊ नका. ती विक्रेत्यांच्या नावाने धनादेशाने द्या, आणि त्याच वेळी विसार पावती (टोकनची अटींसह लेखी पावती) लिहून घ्या. तिच्यावर सर्व वारसांच्या सह्या हव्यात, परदेशातील बहिणीची किमान लेखी संमती जोडलेली हवी, आणि मालकी निर्वेध नसल्याचे आढळल्यास किंवा त्या कारणाने बँकेने कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल, असे स्पष्ट शब्दांत नमूद हवे. त्याआधी मूळ करारनामा, सूची क्रमांक २ चा (नोंदवलेल्या दस्ताच्या तपशिलाचा) उतारा, शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता कराची पावती यांच्या प्रती मागा. पुढे स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वारसाहक्काने आलेल्या घरात ही नोटीस मला फार महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद २

मी आमच्या संस्थेची काही वर्षे सचिव होते. खरेदीदार संस्थेच्या कार्यालयात येतात ते सगळे व्यवहार उरकल्यानंतर, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. विक्रेत्याला सोबत घेऊन आताच सचिवांना भेटा. एजंट ‘त्याची गरज नाही’ म्हणाले तरी भेटा.

थकबाकी नसल्याचे पत्र मागा. मुलाची नोंद तात्पुरता सभासद म्हणून आहे की पूर्ण सभासद म्हणून, आणि ती कोणत्या कागदांच्या आधारे झाली, हे विचारा. पार्किंगची जागा फ्लॅटबरोबर ‘विकत’ मिळते असे सांगितले जात असेल तर सावध राहा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाहलचंद लालूचंद प्रकरणात मोकळ्या आणि स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधील) पार्किंगची बिल्डरने स्वतंत्र विक्री करणे अमान्य ठरवले होते. तुमच्या वाट्याला कोणती जागा येईल हे संस्थेच्या वाटपावर अवलंबून राहील, तेव्हा ते लेखी घ्या. हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या हिशेबात ते दिसले नाही, म्हणून सांगते. कोणी ‘संस्थेला द्यायचे’ म्हणून मोठी रक्कम मागितली तर संस्थेची पावती मागा.

पुनर्विकासाबद्दल एजंटाचा शब्द घेऊ नका. सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का, विकसन करारनामा नोंदवला गेला आहे का, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे हस्तांतरण) किंवा बिल्डरने ते न केल्यास शासनामार्फत होणारे मानीव अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे का, हे तीनच प्रश्न इतिवृत्त पाहून सुटतील. कोथरूडमध्ये पुनर्विकास जोरात आहे हे खरे, पण ‘पुढे मोठे घर मिळेल’ या आशेवर आजची किंमत वाढवून देणे मला योग्य वाटत नाही. ३० वर्षांहून जुन्या इमारतीसाठी कर्जाची मुदत ठरवताना बँक इमारतीचे उरलेले आयुष्यही पाहते, त्यामुळे बँकेच्या तांत्रिक अधिकाऱ्याला लवकर बोलवा. क्षेत्रफळाचे तुम्ही केलेले गणित अगदी बरोबर आहे. आजूबाजूच्या घरांशी तुलना करताना सर्वत्र चटई क्षेत्रच (आतील वापरण्याजोगी जागाच) धरा.

प्रतिसाद ३

महारेराचा प्रश्न राहिला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील कलम ९ एजंटाची नोंदणी बंधनकारक करते, पण ती त्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी. १९९२ च्या इमारतीतील पुनर्विक्री त्यात येत नाही. तरीही एजंटाचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा. महाराष्ट्रात तो इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होतो आणि महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणीसाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक असल्यामुळे त्या माणसाने व्यवसाय किती गांभीर्याने घेतला आहे याचा थोडा अंदाज येतो. मात्र या व्यवहारात फसवणूक झाली तर तुम्हाला ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात जावे लागेल. म्हणूनच दलालीचा कागद नीट असणे इथे अधिक गरजेचे आहे.

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही, त्यामुळे एक टक्क्यावर बोलणी करण्यात काही गैर नाही. ‘व्यवहार ठरताच’ हे शब्द मात्र काढायला लावा. त्याऐवजी अर्धी रक्कम साठेखताच्या नोंदणीनंतर आणि उरलेली खरेदीखत व ताबा मिळाल्यानंतर, मालकीच्या दोषामुळे व्यवहार मोडल्यास दलाली देय नाही, आणि वस्तू व सेवा कर आकारायचा असेल तर त्यांच्या नोंदणी क्रमांकासह रीतसर बिल, एवढे लिहून घ्या. आईबहिणीच्या सह्या मिळवणे, संस्थेचे पत्र आणणे, ही कामे दलालीच्या मोबदल्यात त्यांनी करायची आहेत, हेही त्यातच येऊ द्या.

धागाकर्ता

सर्वांचे अंतःकरणापासून आभार. रविवारचे टोकन आम्ही देणार नाही, हे एजंटांना आजच कळवले. कागद आधी आणि धनादेश विक्रेत्यांच्या नावाने, ही अट त्यांनी सुरुवातीला नाखुशीने घेतली, पण विक्रेत्यांशी बोलून सांगतो म्हणाले. विक्रेत्यांच्या आईंशी आमचे फोनवर बोलणे झाले. मुलीला विचारल्याशिवाय आपण सही करणार नाही, असे त्या म्हणाल्या, आणि आम्हाला ते ऐकून बरेच वाटले.

आता एक प्रश्न उरतो. एजंटांनी दलालीच्या पत्रात बदल करायला नकार दिला, तर विक्रेत्यांशी थेट व्यवहार करणे योग्य ठरेल का? घर आम्हाला त्यांच्यामुळेच दिसले आहे, त्यांचे श्रम बुडवायची आमची मुळीच इच्छा नाही. फक्त ते श्रम पूर्ण झाल्यावर पैसे द्यावेत एवढेच आम्हाला हवे आहे. अशा परिस्थितीत कोणी तिन्ही पक्षांच्या सह्यांचे पत्र केले असेल, तर व्यक्तिगत तपशील वगळून त्यातील मजकूर इथे द्यावा.