सरकारची सत्ता घटली, तर वंशभेद घटेल का?

प्रश्न (नवी पेठ, सोलापूर): अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील खाजगी हॉटेलांना वंशभेद करण्यास बंदी घालणाऱ्या तरतुदींना सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी घटनाबाह्य ठरवून विरोध केला. सरकारची सत्ता कमीत कमी असावी असे मानणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांची ही भूमिका आपणांस पटते का?

उत्तर १: अंशतः पटते. लुइझियानात १८९० साली गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या डब्यांची सक्ती सरकारनेच केली. जादा डब्यांचा भुर्दंड रेल्वे कंपन्यांना नकोच होता.

उत्तर २: मान्य, परंतु माझ्या आजोबांना गिरणीजवळच्या हॉटेलात कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा मिळे आणि तो कप त्यांनाच विसळून खिळ्याला अडकवावा लागे, हे कोणत्या कायद्याने सांगितले होते? भेदभावाला बंदी घालणाऱ्या भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले उगाच आलेली नाहीत.

प्रश्नकर्ता: जात आणि वंश एक नव्हेत, तरी खिळ्याचा मुद्दा खोडता येत नाही.