अनड्राफ्टेड पोरांतून एक नाव निवडायचंय, सल्ला द्या

बॉथेलकर
मंडळी, मदत हवीय. सिएटलला येऊन सहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं अमेरिकन फुटबॉल म्हणजे सोमवारी ऑफिसात नुसती मान डोलवायचा विषय होता. आता मुलामुळे इथल्या संघाचा, सीहॉक्सचा, एकही सामना चुकत नाही. आमच्या टीममध्ये दर मे महिन्यात पैज लागते. ड्राफ्टनंतर, म्हणजे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमानंतर, संघानं जी अनड्राफ्टेड पोरं घेतली, त्यातलं एक नाव प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. ऑगस्टअखेर ९० जणांतून ५३ उरतात, त्यात ज्याचा खेळाडू असेल तो जिंकला. हरलेल्यांनी वर्गणी काढून जेवण घालायचं. मी दोन वर्षं जेवण घालतोय. दोन्ही वेळा कॉलेजातले आकडे बघून रिसीव्हर (पास झेलणारा) निवडला होता. त्यातला एक तर प्रीसीझनचा (हंगामाआधीच्या सरावसामन्यांतला) पहिला सामना व्हायच्या आधीच घरी गेला.

शिवाय ड्राफ्ट संपता संपता सगळीकडे संघांच्या निवडीला 'बी प्लस', 'सी मायनस' असे शेरे मिळतात. ते कितपत मनावर घ्यायचे?

सोलापुरी_चादर
अडाणी प्रश्न. अनड्राफ्टेड म्हणजे आयपीएलच्या लिलावात अनसोल्ड राहिलेले का?

जुना_हॉक
जवळपास. पण ड्राफ्टमध्ये बोली नसते. सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं (२०२२ला २६२ होती), आणि ज्या संघानं नाव पुकारलं त्याच्याकडेच पोरानं जायचं. उरलेल्यांना मात्र संघ निवडायची मोकळीक. शेवटचं नाव पुकारलं जातंय तोवरच एजंटांचे फोन खणखणायला लागतात.

बॉथेलकर, तुझं उत्तर इथंच आहे. सातव्या फेरीतल्या पोराला कुणी विचारत नाही, पण अनड्राफ्टेड पोराचा एजंट ३२ संघांच्या याद्या समोर घेऊन बसतो आणि आपल्या पोराला शिरकाव कुठे मिळेल ते शोधतो. त्याचं पोट त्यावर आहे. दोन-तीन बरे पोरगे एकाच जागेसाठी आले, तर ओळख की तिथं भगदाड आहे. म्हणजे मूल्यमापन एजंटांनी तुला फुकटात करून दिलंय. आधी जागा मोज, मग आकडे बघ. रिसीव्हर तर प्रत्येक कॅम्पात (हंगामाआधीच्या सराव शिबिरात) ढिगानं असतात.

दुसरं म्हणजे पैसे. या पोरांचा करार तीन वर्षांचा आणि किमान पगाराचा. त्यांच्या साइनिंग बोनससाठी संघाला सगळे मिळून ठरावीकच रक्कम वापरता येते, म्हणून जो खरंच हवा असतो त्याच्या पगारातला काही भाग गॅरंटी करून देतात, म्हणजे कापलं तरी तो मिळतो. स्थानिक वार्ताहर हे आकडे देतात. बोनस बघून थांबू नकोस, गॅरंटी बघ. मोठी गॅरंटी असली म्हणजे जागा पक्की असं नाही, पण त्या पोराला कापण्याआधी दोनदा विचार होतो.

खवचट
शेऱ्यांबद्दल मी सांगतो. २०१२चा सीहॉक्सचा वर्ग, म्हणजे त्या ड्राफ्टमधली निवड, आठवा. १५व्या क्रमांकावर ब्रूस अर्विन, तेव्हा पंडितांच्या भुवया वर. ७५वा क्वार्टरबॅक (पास फेकणारा म्होरक्या) रसेल विल्सन, उंची सहा फुटांच्या आत, झालं! या वर्गाला नापास करणारे कमी नव्हते. मधे ४७वा बॉबी वॅग्नर होता, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्षच गेलं नाही. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, डेन्व्हरला ४३-८ धुतलं.

जुना_हॉक
आणि त्यात पैशाची गोष्ट मोठी. विल्सनचा चार वर्षांचा करार सगळा मिळून ३० लाख डॉलरच्या आत होता. क्वार्टरबॅक इतका स्वस्त पडला म्हणून २०१३ला बचावातले मायकेल बेनेट आणि क्लिफ ॲव्हरिल परवडले. वर्ग जोखताना हे बघायचं: या पोरांमुळे कुठला खर्च वाचला?

खवचट
बेनेटचं नाव काढलंत म्हणून. याच बेनेटला २००९ला सीहॉक्सनीच अनड्राफ्टेड म्हणून घेतलं होतं. ऑक्टोबरात यादीतून काढला, तर टॅम्पा बेनं उचलला. नव्या पोराला काढलं की बाकीच्या ३१ संघांना हक्क सांगता येतो, तो असा. चार वर्षांनी तोच माणूस बाजारभावानं परत आणला.

रेंटनवाली
दर वर्षी कॅम्पला जाते. तलावाकाठी मैदानाच्या कडेला गवताचा चढ आहे, तिथं सतरंजी टाकायची. सगळे क्वार्टरबॅककडे बघतात, मी पंट कव्हरेजच्या (लांब लाथाडलेल्या चेंडूमागे धावणाऱ्यांच्या) रांगा बघते. ५३ मधल्या शेवटच्या पाच-सहा जागा तिथं ठरतात. एकदा एक अनड्राफ्टेड लाइनबॅकर (बचावातला) दिसला, त्याचाच नंबर लावलेला दुसरा पोरगा ऑफेन्समध्ये (आक्रमणात) होता. कॅम्पात असं चालतं, ९० जणांना नंबर पुरवायचे कुठून! सराव संपून सगळे पाणी प्यायला गेले तरी हा कडेला एकटाच ब्लॉकमधून हात सोडवायची तीच एक हालचाल करत होता. आधी डावा हात, मग उजवा. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा राहणार. राहिला.

खवचट
मावशी, कॅम्प जुलैअखेर. त्यांना चिठ्ठी मे महिन्यात टाकायचीय.

रेंटनवाली
माहितीय हो. म्हणून म्हणते, कॉलेजात तो स्पेशल टीम्समध्ये (किकच्या डावांना उतरणाऱ्या तुकड्यांत) खेळायचा का ते शोधा. कॉलेजात जो स्टार होता त्यानं पंट कव्हर केलेलंच नसतं. इथं मात्र पाचव्या रिसीव्हरला ते करावंच लागतं.

बॉथेलकर
म्हणजे मी दोन वर्षं नेमकं उलटं करत होतो. पण डग बाल्डविन? तो रिसीव्हरच होता ना?

जुना_हॉक
होता. २०११, स्टॅनफर्ड. पहिल्याच वर्षी ५१ झेल, संघात सर्वांत जास्त. पण त्या वर्षी लॉकआउटमुळे (मालकांच्या टाळेबंदीमुळे) सगळ्यांचाच सराव बुडाला होता, आणि आमच्याकडे तेव्हा रिसीव्हरची काय अवस्था होती ते विचारू नकोस. भगदाडच!

आणि पैजेचे नियम नीट वाच. २०१२चा जर्मेन कर्स, इथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठाचा. ऑगस्टात कापला, सराव पथकात (५३च्या बाहेर) ठेवला, ऑक्टोबरात वर घेतला. पुढे सुपर बोलमध्ये टचडाऊन. तुमच्या पैजेत तो हरला असता.

खवचट
कर्स म्हटलं की मला फेब्रुवारी २०१५चा सुपर बोलच आठवतो. पाठीवर पडून, मांडीवर उडालेला चेंडू त्यानं पकडला. त्याला अडवायला होता पेट्रियट्सचा माल्कम बटलर. एक डाव गेला आणि पुढच्याच डावाला गोल लाइनवर त्याच बटलरनं आमचा चेंडू पळवला, सामना गेला. तोही अनड्राफ्टेड, वेस्ट अलाबामाचा, पेट्रियट्सकडे नुसत्या चाचणीला आलेला. दोन्हीकडचे फुकट मिळालेले पोरगे, आणि आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

सोलापुरी_चादर
सामना न बघताही वाईट वाटलं. वाखू साठवली.

बॉथेलकर
सगळ्यांचे आभार. सराव पथकही धरा असं ऑफिसात सुचवलं, तर म्हणे हरणाऱ्यानं नियम बदलायचे नसतात. रात्री मुलाला घेऊन जागा मोजल्या. रिसीव्हर अकरा निघाले. एका ठिकाणी मात्र राहिलेला एक म्हातारा, एक दुखापतवाला आणि नवीन तिघं. त्यातल्या एकाला बरी गॅरंटी आहे. मुलाचा अजून रिसीव्हरवरच जीव. त्याला म्हटलं, तुझी वेगळी चिठ्ठी टाक, पण हरलास तर खाऊच्या पैशातून वर्गणी. विचार करतो म्हणाला.

माझी चिठ्ठी टाकून झाली. नाव इथं लिहीत नाही, टीममधला एक जण हा धागा वाचतो.