कोलंबीच्या टरफलांचं कायटिन: आम्ल मुरवून बॉलमिल केलं तरी पाण्यात विरघळत नाही

टरफल_ते_फ्युरान
कोलंबीच्या वाळलेल्या टरफलांपासून कायटिन (साखरेसारख्या घटकांची लांब साखळी) काढून त्याचं एन-असिटिलग्लुकोसामाइन (त्या साखळीचा सुटा घटक, पुढे नुसतं नॅग) करायचं आहे. कृती अशी:

१०० ग्रॅ टरफलं (१ मिमी चाळणीखालची), ७०० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात २ तास, खोलीच्या तापमानाला. धुऊन १ मोलर कास्टिकमध्ये ८० अंशांवर ३ तास. मग असिटोनने लाल रंग काढला. कोरडं कायटिन २३ ग्रॅ.

त्यातलं १० ग्रॅ घेऊन ०.६ ग्रॅ सल्फ्युरिक आम्ल ईथरमधून मुरवलं, ईथर उडवलं आणि बॉलमिलच्या (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्राच्या) झिर्कोनियाच्या भांड्यात मिनिटाला ५०० फेऱ्यांवर ६ तास दळलं. पूड जवळपास सगळी पाण्यात विरघळायला हवी होती, विरघळते जेमतेम सातवा हिस्सा. दळण्याचे तास वाढवू की आम्ल?

उत्प्रेरक_कट्टा
दोन्ही थांबवा, आधी राख मोजा. १ ग्रॅ कायटिन मुशीत घालून ५५० अंशांवर ४ तास ठेवा. १ टक्क्याच्या वर राख उरली तर दोष दळण्यात नाही.

तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. टरफलात ३५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट धरलं तर १०० ग्रॅममध्ये ०.३५ मोल. त्याला ०.७ मोल हायड्रोक्लोरिक लागतं आणि तुम्ही बरोबर तेवढंच घातलं, राखीव थेंबही नाही. शेवटी आम्ल इतकं पातळ झालेलं असतं की प्रथिनात अडकलेल्या चुन्यापर्यंत (म्हणजे या कार्बोनेटपर्यंत) ते पोचतच नाही.

आता पुढचा हिशोब. १० ग्रॅ कायटिनमध्ये समजा ६ टक्के कार्बोनेट राहिलं, म्हणजे ०.६ ग्रॅ किंवा ६ मिलिमोल. तुमचं ०.६ ग्रॅ सल्फ्युरिक ६.१ मिलिमोल. सगळं आम्ल, म्हणजे तुमचा उत्प्रेरक, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) होऊन बसलं! बॉलमिल सहा तास नुसतं कायटिन कुटत होती. स्फटिकरचना मोडली असेल, पण साखळी तुटायला आम्ल हवं, ते उरलंच नाही.

उपाय: पहिला हात १ मोलरचा, १०० ग्रॅमला १ लिटर. मग कास्टिक. त्यानंतर पुन्हा ३०० मिली ताजं १ मोलर आम्ल, तासभर. प्रथिन निघाल्यावर आतला चुना उघडा पडतो, म्हणून हा दुसरा हात खरा कामाचा. अखेरीस द्रावाचा सामू २ च्या खाली असला पाहिजे. नंतर क्लोराइड जाईपर्यंत धुवा. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा. पहिल्या हाताला आम्ल एकदम ओतू नका. ०.३५ मोल म्हणजे साडेआठ लिटर कार्बन डायऑक्साइड, आणि प्रथिनामुळे फेस बसत नाही. भांडं घनफळाच्या तिप्पट घ्या.

कोरडी_पूड
वरचं सगळं पटतं. आम्ल मुरवण्याबद्दल थोडं.

कायटिन हवेतला ओलावा धरतं. आधी निर्वात भट्टीत ६० अंशांवर रात्रभर वाळवा. आम्ल पुडीवर थेंब थेंब टाकलं तर तिथेच काळे ठिपके पडतात. म्हणून आधी ईथर बर्फात गार करा, ढवळत त्यात आम्ल घाला, मग पूड टाका. ईथरचा वास पूर्ण जाईपर्यंत भांडं बंद करू नका. बंद भांड्यात ईथरची वाफ आणि आपटणारे गोळे ही स्फोटाची तयारी आहे. दळताना १० मिनिटं चालू, १० मिनिटं बंद. सलग चालवलं की आतली पूड तापून तपकिरी होते.

पुडीचा एक्स-रे विवर्तन आलेख मिळत असेल तर ९.३ आणि १९.३ अंशांची शिखरं बघा, ती स्फटिकरचनेची. ती बसली तरी पूड विरघळत नसेल, तर आम्ल खर्ची पडलं हे नक्की.

टरफल_ते_फ्युरान
राख ५.८ टक्के. मुशीतल्या राखेवर आम्ल टाकलं तर बुडबुडे आले. दुसरा हात देतो. पुढे नॅगपासून ३ए५एएफ (३-असिटामिडो-५-असिटिलफ्युरान) करायचं आहे; त्याआधी सल्फ्युरिक कसं काढायचं?

उत्प्रेरक_कट्टा
दळलेली पूड पाण्यात घेऊन बंद भांड्यात १७० अंशांवर ठेवा. वेळ नमुने काढून ठरवा. जास्त ठेवलं की असिटिल गट सुटतो, व्हिनेगरचा वास येतो आणि रंग गडद होतो. होक्काइडोच्या गटाने २०१५ मध्ये या वाटेने ५३ टक्के नॅग मिळवलं. पाण्याऐवजी मेथॅनॉलमध्ये त्याचा मेथिल ग्लायकोसाइड ७० टक्के. १० ग्रॅ कायटिनचं नॅग जास्तीत जास्त १०.९ ग्रॅ, म्हणजे ५.८ ग्रॅ हातात आलं तरी उत्तम.

गार झाल्यावर बारीक कॅल्शियम कार्बोनेट घालून सामू ५ ते ६ वर आणा, जिप्सम गाळा. (जो चुना मघाशी शत्रू होता तोच!) कास्टिक वापरू नका. सामू ७ च्या वर गेला तर नॅग पिवळं पडतं आणि थोडं त्याच्या मॅनोज-जातीच्या भावंडात बदलतं. थोडं जिप्सम विरघळलेलं राहतं. द्राव आटवून मेथॅनॉल घातलं की तेही खाली बसतं.

३ए५एएफसाठी असिटिल गट शाबूत हवा. नमुना १ टक्का असिटिक आम्लात टाकून बघा: कायटिन तसंच राहतं, विरघळलं तर तुमच्या कास्टिकने त्याचं कायटोसान केलं. १ मोलरला सहसा होत नाही, पण ४० टक्के कास्टिकच्या कृती फिरत असतात, त्या कायटोसानच्या आहेत.

थेट कायटिनपासून ३ए५एएफ करायला जाऊ नका. एनएमपी (एन-मेथिलपायरोलिडोन) या द्रावकात बोरिक आम्ल आणि लिथियम क्लोराइड घालून २१५ अंशांवर सिंगापूरच्या गटाला २०१४ मध्ये साडेसात टक्केच मिळाले होते. नॅगपासून मात्र न्यूफाउंडलंडच्या गटाने २०१२ मध्ये डायमेथिल असिटामाइडमध्ये, बोरिक आम्ल आणि मीठ घालून, मायक्रोवेव्हवर २२० अंशांना १५ मिनिटांत ६० टक्क्यांच्या आसपास नेलं. हा द्रावक १६५ अंशांना उकळतो, म्हणजे दाबाचंच भांडं हवं, आणि क्लोराइडमुळे पोलाद उघडं नको, आत काचेचं अस्तर घाला. उरलेलं बोरिक आम्ल मेथॅनॉल घालून उडवता येतं: त्याचं ट्रायमेथिल बोरेट होतं, ते ६८ अंशांच्या सुमारास उकळतं. ते पेट घेतं, ज्योत हिरवी दिसते. शेगडी जवळ नको.