मदत हवी आहे: एक्यू स्कोअर (ऑटिझमसारख्या लक्षणांचे गुण) आणि कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी, डोक्याच्या हालचालीचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार. पुण्यात चालू असलेल्या अभ्यासातला प्रश्न आहे. ऑटिझमचं निदान नसलेले प्रौढ, वय 18 ते 45. एक्यू प्रश्नावली 50 प्रश्नांची. एकाच 3 टेस्ला मशीनवरचे टी-वन स्कॅन (मेंदूची रचना दाखवणारे एमआरआय), 1 मिमी व्हॉक्सेल (चित्राचा त्रिमितीय ठिपका). जाडी फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने काढली, स्मूदिंग (शेजारच्या बिंदूंशी सरासरी) 10 मिमी.

वय आणि लिंग धरून बघितलं तर मेंदूच्या उजव्या सुपीरियर टेम्पोरल (कानाजवळच्या वरच्या) भागात एक्यू जास्त तिथे जाडी कमी दिसते. मॉडेलमध्ये ऑयलर नंबर (फ्रीसर्फरने काढलेल्या पृष्ठभागातल्या दोषांवरून स्कॅनचा दर्जा सांगणारा आकडा) घातला की हा संबंध जवळपास नाहीसा होतो. जास्त गुण असलेल्यांचे स्कॅनच थोडे खराब आहेत, खरी मेख इथेच आहे. डोकं जरासं हललं तरी करड्या-पांढऱ्या भागांमधली कड पुसट होते आणि जाडी खोटीच कमी भरते. उलट, हालचाल हीच या लक्षणांशी जोडलेली असेल, तर ती वजा करताना खरा फरकही वाहून जाईल.

पायल कडा (कॉर्टेक्सची बाहेरची सीमा) हाताने दुरुस्त केल्या, तेव्हा कोणाचे एक्यू गुण किती हे झाकलेलं होतं. सर्वात वाईट स्कॅन वगळले, चित्र तेच राहिलं. कवटीचं आकारमान जाडीसाठी मुद्दाम घेतलेलं नाही, फक्त क्षेत्रफळ आणि घनफळासाठी घेतलंय.

पुन्हा स्कॅन शक्य नाहीत. फंक्शनल स्कॅन (मेंदूचं काम सलग टिपणारे, ज्यांतून हालचालही मोजता येते) नसल्यामुळे हालचालीचं वेगळं मोजमापही नाही.

अशा वेळी ऑयलर नंबर कोव्हेरिएट (मॉडेलमध्ये परिणाम वजा करायला घेतलेला घटक) म्हणून ठेवावा, की स्कॅनच्या दर्जानुसार जोड्या लावून तुलना करावी? आणि मुख्य निकाल म्हणून यातलं कोणतं मॉडेल द्यावं?