मांगरातली फायबरची ‘एमजी’: नक्की कुठली गाडी, आणि खाऱ्या वाऱ्यात सांभाळायची कशी?

उभादांडेकर
नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका गेल्या चैत्रात गेले. वेंगुर्ल्याच्या घरामागे मांगरात, म्हणजे बाहेरच्या कोठारात, त्यांची गाडी उभी आहे. उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची. घरात सगळे तिला ‘एमजी’ म्हणत आले, पुढच्या जाळीवर बिल्लाही तोच. परवा पहिल्यांदा बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही, फक्त स्टेपनी! इंजिन मागे, रेडिएटर कुठेच नाही, आणि बॉडी सगळी फायबरची. आरसी बुकावर ‘फोक्सवॅगन, १९६५’. गाडी आठ वर्षं हललेली नाही.

दोनच प्रश्न. ही नक्की काय आहे ते ओळखायचं कसं? आणि समुद्र ४०० मीटरवर असताना टिकवायची कशी? बजेट ७०,००० रुपये, त्यावर जमणार नाही. विकायची नाही.

घाटावरची_जीप
७०,००० विसरा. माझी सीजे-३बी जीप मी कोल्हापुरात उद्यमनगरात पूर्ण खोलून घेतली, साडेचार लाख गेले आणि एकेक रुपया वसूल झाला. आज ती आंबोली घाट दुसऱ्या गिअरमध्ये न दमता चढते. तुम्हीही बॉडी उतरवा, चॅसी सँडब्लास्ट करा (वाळूच्या माऱ्याने गंज काढा), वर इपॉक्सी रंग मारा. आणि गाडी कोकणात ठेवू नका, घाटावर आणा.

दापोली_बीटल
बिल्ला बघून गाडी ओळखू नका, खालून ओळखा. अशी दिसणारी खरी गाडी म्हणजे ब्रिटिश एमजी टीडी, ती १९५३ पर्यंत बनली. तिचं १२५० सीसीचं इंजिन पुढे असतं, पाण्यावर गार होणारं. तुमची गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटलच्या जमिनीवर, म्हणजे चाकांसकट खालच्या सांगाड्यावर, बसवलेली फायबरची बॉडी. असे संच परदेशात खूप विकले गेले, आणि त्यामागे साधं कारण आहे: टीडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९४ इंच, बीटलचं साडेचौऱ्याण्णव. बीटलची जमीन न कापता वरची बॉडी बदलता येते.

आता हे तपासा.

चॅसी नंबर मागच्या बाजूला, मधल्या बोगद्याच्या पाठीवर ठोकलेला असतो. बीटलमध्ये तो मागच्या सीटखाली येतो, तुमच्याकडे कार्पेटखाली किंवा फायबरखाली दडलेला असेल. ग्राइंडर लावू नका, रॉकेल आणि पितळी ब्रश पुरे. १९६५ मॉडेलचा नंबर ११५ ने सुरू होतो: ११ म्हणजे बीटल, ५ म्हणजे साल.

इंजिन नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली, केसिंगवर. त्याचं पहिलं अक्षर सांगा, मग पुढचं सांगतो. चाकाला किती बोल्ट आहेत तेही मोजा.

राजापूर_रोड
ही ब्राझीलची, एमजीसारखी दिसणारी एमपी लाफर आहे, माझी खात्री आहे. दुबईत असताना माझ्या साहेबांकडे हुबेहूब अशीच होती. लाखोंची वस्तू आहे, कोणाला दाखवू नका.

दापोली_बीटल
लाफर १९७४ पासून आली, १६०० सीसी इंजिनावर. इथे कागद १९६५ चा आहे. जुन्या बीटलवर नंतर चढवलेली बॉडी असणार, बहुधा इथेच कुणीतरी बनवलेली. नंबर येऊ दे, मग बोलू.

राजापूर_रोड
डॅशबोर्ड लाकडी आहे का? लाफरचा लाकडी असायचा.

दांडीकर_फायबर
माजो मालवणात फायबरच्या होड्यांचो धंदो आसा, म्हणान सांगतंय. बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

फायबर गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण त्याच्या आत लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट असते आणि ती आतून खाल्ली जाते. खारी हवा पाइपात शिरते, बाहेर पडत नाही. दाराखालच्या पाइपाला लाकडी हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे पापुद्रेच उरलेत.

दारांच्या कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या जेलकोटच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराच्या आहेत, भिऊ नका. भेग आरपार असेल तर आतल्या बाजूने मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (ते घट्ट धरणारा, नंतर कडक होणारा द्रव) लावावी लागते. नुसती पुट्टी भरून वर रंग मारणाऱ्याला हात लावू देऊ नका. आमच्याकडे अशा होड्या येतात, वर्षाच्या आत पुट्टी सुटून येते.

सुरंगी
दादा, कागदांचं आधी बघा. जुलै २०२१ पासून विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत: गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. वय तुमच्याकडे आहे, पण बॉडीच बदललेली, त्यामुळे तो रस्ता बंद समजा. साध्या आरसीचं नूतनीकरण करा. त्या आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय? ‘सलून’ असेल आणि समोर उघडी गाडी उभी असेल तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये, म्हणजे गाडीतल्या फेरफाराच्या कलमात येतं. माझ्या वडिलांनी जीपचं इंजिन बदलून नोंद केली नव्हती, पासिंगला चार महिने खेटे पडले.

खाडीकाठ
बॉडी उतरवा आणि चॅसीला इपॉक्सी मारा. आणि साधं पेट्रोल अजिबात टाकू नका, महागडं ऑक्टेनवालं टाका. मी माझ्या बुलेटमध्ये तेच टाकतो.

दापोली_बीटल
या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसात-एकच्या आसपास असतं, जास्त ऑक्टेनचा त्याला उपयोग नाही. खरा धोका रबराचा. आत्ताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुन्या नळ्या त्यात फुगतात, चिरतात. पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं आणि गाडी पेटते. बीटल जळायचं हे नेहमीचं कारण. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवे क्लॅम्प, हा पहिला खर्च. दुसरा अग्निशामक.

खाडीकाठ
माझी बुलेट त्याच पेट्रोलवर गोव्याला तीनदा जाऊन आली. अनुभवाचं सांगतोय.

उभादांडेकर
सगळ्यांचे आभार. काल दिवसभर मांगरात होतो.

चॅसी नंबर सापडला, ११५ नेच सुरू होतो. चाकांना पाच बोल्ट, खूप लांब लांब. इंजिनाचं अक्षर मात्र ‘एच’. आरसीवरचा इंजिन नंबर वेगळा आहे, ‘डी’ ने सुरू होणारा. बॉडीच्या रकान्यात ‘ओपन टूरर’ लिहिलंय, तारखेसह शिक्का आहे, म्हणजे काकांनी बॉडीची नोंद तेव्हाच करून घेतली होती. डॅशबोर्डखाली ‘माझगाव’ असं पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, अक्षर काकांचं. ते तिथे गोदीत कामाला होते. जुनी बॅटरी १२ व्होल्टची आहे. ती काढून नवी लावली तर दिवे काजव्यासारखे मिणमिणतात. दाराखालचा डावा पाइप भद्द वाजतो.

दापोली_बीटल
मग उलगडलं. जमीन १९६५ ची, आरसीवरचं इंजिन ‘डी’ म्हणजे १२०० सीसी. ‘एच’ म्हणजे १५०० सीसी, ते १९६६ च्या ऑगस्टनंतरचं. तुमच्या काकांनी मोठं इंजिन मिळवून बसवलं. चांगलं इंजिन आहे, फक्त आरसीवर आणा.

दिव्यांचं सांगतो, कारण फायबरच्या गाडीत मेकॅनिक हमखास इथे चुकतो. लोखंडी बॉडीत बॉडीच अर्थिंग असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची स्वतंत्र अर्थिंगची वायर चॅसीपर्यंत लागते. बॅटरीला दोष देऊ नका. सगळ्या अर्थिंगची टोकं पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. मूळ गाडी ६ व्होल्टची होती, तेव्हा बल्ब आणि कॉइलवर काय लिहिलंय तेही वाचा.

चालू करायची घाई नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, दोन दिवसांनी खालच्या पुलीच्या बोल्टला ३० चा पाना लावून हाताने फिरवा. त्याआधी पंख्याचं कवच उघडून आत बघा. मांगरातली गाडी म्हणजे उंदरांनी आत घरटं केलेलं असणारच, आणि हे इंजिन फक्त हवेवर गार होतं. नंतर अडीच लिटर तेल, तेलाची जाळी धुऊन. व्हॉल्व्हची फट ०.१५ मिमी, इंजिन पूर्ण गार असताना. पंखा आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालतात, तेव्हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला की पट्टा तुटला समजा आणि तिथल्या तिथे थांबा. ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणालात तर इंजिन गेलं. माझं एक असंच गेलं, खेडच्या अलीकडे.

घाटावरची_जीप
बॉडी उतरवा. पाइप गेलाय म्हणजे बाकीचेही गेलेत. आणि तो खोटा बिल्ला काढून टाका, जाणकार माणूस हसेल.

सुरंगी
बिल्ल्याचं मलाही पटतं. आरसीवर फोक्सवॅगन आहे, तेच लावा.

राजापूर_रोड
माझगाव म्हणजे इथलीच दिसते, मान्य. पण डॅशबोर्डचं सांगितलं नाहीत.

उभादांडेकर
डॅशबोर्ड सागवानी आहे, राजापूरवाले. काकांनी स्वतः रंधलेला.

ठरवलंय ते सांगतो. बॉडी उतरवणार नाही. उतरवली की ७०,००० त्यातच संपतील, आणि सुटे भाग मांगरात पडून राहिलेली दोन घरं आमच्याच वाडीत आहेत. फक्त डावा पाइप कापून नवा बसवणार, बाकीचे ठोकून आत मेणाचं गंजरोधक सोडणार. नळ्या, अर्थिंग, ब्रेकचे सिलिंडर, मग इंजिन, याच क्रमाने. इंजिनाच्या नोंदीसाठी सोमवारी आरटीओत जातोय.

गाडी कोल्हापूरला जाणार नाही. मांगराची जमीन शेणाची आहे, ओल वर येते, म्हणून चार फळ्यांवर चढवली आहे. ताडपत्री काढून टाकली, खाली घाम धरत होती. आता सुती चादर, आणि दोन्ही बाजूंच्या झडपा उघड्या.

बिल्लाही राहणार. काकांना ती एमजी नाही हे पक्कं माहीत होतं, आरसीची नोंद त्यांनीच केली. तरी रोज सकाळी ते हाच बिल्ला पुसायचे. मी लहानपणी बघितलंय.

दांडीकर दादा, डाव्या दाराच्या बिजागरीखाली भेग आरपार आहे. येऊन बघाल का?

दांडीकर_फायबर
येतंय आयतवारी. मॅट माझ्याकडची आणीन, पैशांचा मागाहून बगू. पण पाऊस असलो तर रेझिन मिसळूचा नाय, दमट हवेत नीट धरना नाय. फायबर आतून साफ करून, कोरडा करून ठेव.