पॉझचं बटण नसलं की मला जास्त आवडतं. माझंच काही बिघडलंय का?

शेवटची_रांग

वय एकोणीस. म्हणजे "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणायचा हक्क अजून मिळालेला नाही, तरी म्हणणार आहे. पटलं नाही तर बिनधास्त हाणा.

माझ्या मैत्रिणी सिरीज दीडपट वेगाने बघतात. आठ भाग, एक रात्र. सकाळी शेवट सांगता येतो, पण चौथ्या भागात काय झालं विचारलं की एकमेकींकडे बघतात. मीही हेच करायचे. मग मागच्या वर्षी एक सिरीज आली, दर आठवड्याला एकच भाग. आधी जाम वैतागले. पण पुढचे सहा दिवस आम्ही त्या एका भागावरून भांडत होतो! खून कोणी केला याचे मी तीन अंदाज बांधले, तिन्ही आपटले, आणि आपटले म्हणूनच मजा आली. सगळा सीझन एकदम ओतायची पद्धत नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे १३ भाग एकाच दिवशी टाकून रुळवली. तेव्हा मी दुसरीत होते, त्यामुळे सवय लागण्यात माझा दोष नाही.

सिनेमाचंही तेच. घरी मी दर वीस मिनिटांनी थांबवते. पाणी, फोन, 'हा नट आधी कशात होता बरं'. मध्यंतरी थिएटरात एक सिनेमा बघितला, बऱ्यापैकी रटाळ. त्यात नायिका फोन खाली ठेवते आणि मग काहीच होत नाही. संगीत नाही, संवाद नाही. घरी असते तर दहा सेकंद पुढे ढकललं असतं. तिथे ढकलता येईना, म्हणून मी तिच्या हाताकडे बघत बसले. टेबलाच्या कडेचं लॅमिनेट सुटलेलं होतं आणि ती ते नखाने उचकटत होती. उचकटायची, परत दाबून बसवायची. त्या अख्ख्या सिनेमातलं मला आज तेवढंच आठवतं.

आणि गाण्याचे कार्यक्रम! एका छोट्या बँडच्या तिसऱ्याच गाण्यात गिटारची तार तुटली. दुसरी गिटार नव्हती. ड्रमवाला थांबलाच नाही, आवाज कमी करून ठेका धरून राहिला. गायिका आमच्याकडून ध्रुवपद म्हणून घेत राहिली, चार वेळा, पाच वेळा, एकदा नुसत्या मुलींकडून. मागे गिटारवाला आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसलेला, तुटलेली तार दातात धरलेली. नवी बसवून उठला, वाजवायला लागला तर ती तार बेसूर. वाजवता वाजवता खुंटी पिळून त्याने ती जुळवली आणि ज्या क्षणी सूर बसला त्या क्षणी आम्ही येड्यासारखे ओरडलो.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका मोठ्या बँडला गेले. सगळं अगदी अल्बमसारखं. इतकं अल्बमसारखं की गायक बाटलीतून पाणी पीत होता तेव्हाही त्याचा आवाज येत होता.

तर जाणकारांनो, ही फसवणूक म्हणायची की आता असंच असतं? आणि जाता जाता: मामाच्या नव्या टीव्हीवर प्रत्येक सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा का दिसतो? मला वेड लागलंय असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

जुनं_रीळ

वेड नाही लागलेलं, नजर चांगली आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मूकपटांच्या काळात हा वेग नक्की नव्हता, कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले. वेग हलला की आवाजही हलणार, म्हणून एक आकडा ठरवणं भाग पडलं आणि २४ कायम झाला. मामांचा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं घुसवतो, जे कोणी चित्रितच केलेलं नाही. खेळाचे सामने त्याने छान दिसतात. सिनेमा मात्र गुळगुळीत होतो, सेट सेटसारखा दिसायला लागतो.

पिक्चरच्या सेटिंगमध्ये जा आणि 'मोशन' नावाचं जे काही सापडेल ते बंद कर. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं गोंडस नाव दिलंय. २०२० पासून काही टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' मिळतो, असला तर तो लाव आणि मोकळी हो. मामांना सांगू नकोस, त्यांना कळणारही नाही.

तिरका_प्रतिसाद

ताई, छान लिहिलंय, पण मला नाही पटलं. पुस्तक आपण दर चार पानांनी मिटतो. झोप येते, दार वाजतं. त्याने कादंबरी फुकट जाते का? पॉझ हा गुन्हा नाही. माझी रात्रपाळी असते, घरी आजारी माणूस आहे. सलग दोन तास मला वर्षात चार वेळा मिळत असतील. बाकी सगळं मी तुकड्या-तुकड्यांतच बघतो आणि मला चौथ्या भागात काय झालं ते आठवतं, कारण तो मी तीन दिवस बघत होतो!

दीडपट वेगाबद्दल मात्र सहमत. विनोद मरतो त्यात. विनोदाचा अर्धा जीव थांबण्यात असतो.

साउंडचेक_झाला_का

मी कार्यक्रमांत आवाजाच्या मिक्सरच्या मागे उभा राहून पोट भरतो, तेव्हा हे माझ्याच खात्यातलं.

ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाज, लावणं आता सर्रास आहे आणि सरसकट फसवणूक नाही. अल्बममध्ये वीस व्हायोलिनं असतील तर ती कोण घेऊन फिरणार? मागच्या कोरसला जाडी यावी म्हणूनही ट्रॅक असतो. पण मुख्य गाणारा पाणी पितोय आणि गळा चालूच, तिथे मी कोणाची वकिली करणार नाही. याची सगळ्यात गाजलेली फजिती मिली व्हॅनिली या जोडीची. १९८९ मध्ये भर कार्यक्रमात ट्रॅक अडकला आणि एकच अर्धवट ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. पुढच्या वर्षी त्यांना ग्रॅमी हे संगीतातलं मोठं बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी काढूनही घेतलं, कारण अल्बमवर ते गायलेच नव्हते.

पण तुझ्या तारेच्या गोष्टीत एक गोम आहे, ती तुझ्या लक्षात आली का बघ. ट्रॅक असला की ड्रमवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, वाजत असते आणि सगळे तिच्यामागे बांधलेले. तार तुटली तरी ट्रॅक पुढे जाणार, तो कोणासाठी थांबत नाही. तुझ्या छोट्या बँडकडे ट्रॅक नव्हता, म्हणून ध्रुवपद पाच वेळा ताणता आलं. म्हणजे पॉझ त्यांच्याकडे होता. मोठ्या बँडकडे नव्हता! तुला आवडलं ते नेमकं काय, याचा परत विचार कर.

आणि तार नंतर उतरली ते बरोबरच आहे. नवी तार ताणून बसेपर्यंत उतरतच राहते.

एक विचारतो, घरी आल्यावर कान वाजत होते का?

शेवटची_रांग

हो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. स्पीकरच्या समोरच होते. तुम्हाला कसं कळलं?

साउंडचेक_झाला_का

वीस वर्षं तेच ऐकतोय. ढोबळ हिशोब असा: ८५ डेसिबल आवाज कानांना आठ तास चालतो. वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० ला पाव तास उरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली, म्हणजे स्पीकरसमोर दोन तास काय होतं ते तूच बघ. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते वापर. फोमचे गोळे वरचे सूर खाऊन टाकतात, गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. आणि मिक्सरच्या जवळ उभी राहत जा. आम्ही आवाज तिथे उभं राहून जुळवतो, साहजिकच तिथे सगळ्यात बरा लागतो.

शेवटची_रांग

सगळ्यांना धन्यवाद. मामाचा टीव्ही काल गुपचूप दुरुस्त केला. मामी म्हणाली, "आज पिक्चर पिक्चरसारखा दिसतोय." मी काही बोलले नाही.

तिरके दादा, पुस्तकाचा मुद्दा दोन दिवस डोक्यात घोळतोय आणि मला उत्तर सापडलेलं नाही. मला वाटतं पुस्तक मिटल्यावर मी पुस्तकातच असते आणि सिनेमा थांबवल्यावर फोनमध्ये जाते. म्हणजे भांडण पॉझशी नाही, फोनशी आहे? असेल. पण हे माझ्या आईचं वाक्य झालं, त्यामुळे मी ते इतक्यात मान्य करणार नाही.

साउंडचेक दादा, तुमच्या पॉझच्या मुद्द्यावर मात्र चीतपट. तोच छोटा बँड शनिवारी परत आहे. इअरप्लग मागवलेत. मिक्सरच्या जवळ उभं राहायचं म्हणता, पण तिथून गिटारवाल्याचे हात दिसतात का?

साउंडचेक_झाला_का

नाही दिसत. तार तुटली तर पुढे पळ.